जुन्या लॅपटॉपसाठी

बाबांच्या लॅपटॉपमध्ये रॅम 2 जीबीच, पण प्रोसेसर 64 बिटचा आहे, हे आज तपासल्यावर हायसं वाटलं, कारण त्यावर लिनक्स बसवायचं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 या लिनक्स वितरणाला (डिस्ट्रोला) 32 बिटच्या संगणकांसाठी इन्स्टॉलरच नाही; लुबुंटूने तर ती वाट 18.10 नंतरच बंद केली. धडधाकट यंत्रं अशी मागे पडतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पपी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. बॅरी काउलर यांनी 2003 मध्ये सुरू केलेलं हे डिस्ट्रो रॅममध्ये चढून बसतं, मग हार्ड डिस्क कितीही मंद असली तरी अडत नाही. तरी रोजच्या वापरासाठी मन अँटीएक्स या डिस्ट्रोकडे झुकतंय. पाया डेबियनचा, सेवा सुरू करणारी सिस्टमडी ही यंत्रणा नाही, आणि जडशीळ डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएम हा साधा विंडो मॅनेजर. 512 एमबी रॅमवरही भागतं, असं त्याचे कर्ते सांगतात.

खरी भूक ब्राउझरची. चार-पाच टॅब उघडले की कुठलंही हलकं डिस्ट्रो दमतं. म्हणून झेडरॅम चालू करणार आहे; त्यात रॅममधला न लागणारा डेटा दाबून रॅममध्येच ठेवला जातो. पुढे एसएसडीही बसवेन. बाबांना पेपर वाचायचा असतो, नातवाशी बोलायचं असतं. तेवढं हे यंत्र अजून नक्की करील.