संघाच्या दप्तरात माझे विद्यार्थी

संख्याशास्त्राच्या अध्यापनात आयुष्याचा मोठा भाग गेल्यानंतर, आणि त्यातील अलीकडची वर्षे पुण्यातील आमच्या विभागात डेटा सायन्स शिकणाऱ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहण्यात गेल्यानंतर, माझे एक मत पक्के झाले आहे. बाहेरची एखादी संस्था जेव्हा आपला प्रश्न, आपली माहिती आणि थोडाबहुत पैसा घेऊन आमच्या दारी येते, तेव्हा या तिन्हींपेक्षा अधिक मोलाची चौथी गोष्ट तिने आणली आहे की नाही, हे आम्ही आधी पाहिले पाहिजे. ती चौथी गोष्ट म्हणजे माणूस: ज्याच्या हातून ते आकडे दप्तरात चढले, निदान ज्याने ते चढताना पाहिले, आणि विद्यार्थ्यांशी मोकळेपणाने बोलण्याची वरिष्ठांकडून ज्याला मुभा मिळाली आहे, असा माणूस.

संस्थांनी विद्यापीठांकडे प्रश्न घेऊन यावे ही प्रथा काही आजची नव्हे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहाने आपल्या पदरच्या विल्यम गॉसेट नावाच्या तरुण रसायनज्ञाला १९०६ साली लंडनला कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत धाडले, ते थोड्याच नमुन्यांवरून विश्वासार्ह अनुमान कसे काढावे ही कारखान्यातील रोजची अडचण सोडविण्यासाठी. आणि त्या अडचणीतून १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जो निबंध प्रसिद्ध झाला, तो आज जगातील प्रत्येक संख्याशास्त्राच्या वर्गात शिकविला जातो. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमधील तागाच्या क्षेत्राची जी नमुना पाहणी केली, तिचा भार इंडियन सेंट्रल ज्यूट कमिटीने उचलला होता. एकाच प्रदेशाची मोजणी दोन स्वतंत्र तुकड्यांकडून करवून घेऊन त्यांच्या आकड्यांतील तफावत ताडून पाहण्याची जी रीत महालनोबिसांनी रूढ केली, तिच्या मुळाशी एक साधी जाणीव होती, ती ही की आकड्याच्या मागे तो टिपणारा मनुष्य उभा असतो आणि त्याचा हिशेब धरल्यावाचून आकड्याचा हिशेब पुरा होत नाही. कॅलिफोर्नियातील हार्वे मड महाविद्यालयात १९६३ पासून कंपन्यांचे खरे प्रश्न विद्यार्थ्यांच्या तुकड्यांकडे सोपविले जातात, आणि शिकागो विद्यापीठात २०१३ साली सामाजिक संस्था व सरकारी खाती यांच्यासाठी उन्हाळी उपक्रम सुरू झाला. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शेवटचे सत्र एखाद्या संस्थेच्या प्रकल्पाला वाहून देण्याची आमची पद्धत त्याच परंपरेतली.

पैसा आणि माहिती यांनीच काम भागत नाही, याचा अनुभव आम्हांस एका वित्तसंस्थेच्या प्रकल्पात आला. तिने विभागाला भरघोस निधी दिला आणि माहितीही अत्यंत नीटनेटकी दिली, इतकी नीटनेटकी की रकान्यांची नावेसुद्धा गाळून त्यांच्या जागी केवळ अनुक्रमांक घातले होते. कशाविषयी चौकशी करावी तर उत्तर देणारा अधिकारी नेमलेला नाही, आणि जो पत्राला पोच देई त्याला त्या रकान्यांचा अर्थ ठाऊक नाही. विद्यार्थी हुशार होते. त्यांनी उत्तम चालणारे मॉडेल उभे केले. पण ते कशाचे भाकीत करीत होते हे त्यांना अखेरपर्यंत उमगले नाही, आणि त्यांचा अहवाल त्या संस्थेत कोणी उघडून पाहिला असेल असे मला वाटत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी दूध संघाने पुरस्कृत केलेला प्रकल्प मला म्हणूनच विस्ताराने सांगावासा वाटतो. प्रत्येक शीतकरण केंद्रावर पुढील दहा दिवसांत किती दूध येईल याचा अंदाज संघाला हवा होता, कारण टँकरच्या फेऱ्या, भुकटी प्रकल्पाच्या पाळ्या आणि बाहेरच्या खरेदीविक्रीची तजवीज या सर्वांचा मेळ त्यावरच बसवावा लागतो. पुष्टकाळात दूध ठेवावे कोठे ही विवंचना, तर कृशकाळात ते आणावे कोठून ही. संघाने गेल्या काही वर्षांच्या संकलनाची सगळी नोंद आमच्या हवाली केली: गावची संस्था, उत्पादकाचा संकेतांक, सकाळची वा संध्याकाळची वेळ, लिटर, फॅट, एस.एन.एफ. (म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ) आणि दर. उत्पादकांची नावे, दूरध्वनी व बँकेची खाती संघाने स्वतःच काढून टाकली होती, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा लक्षात घेता ते योग्यच झाले. निधी बेताचा होता. परंतु त्याबरोबर संघाने संकलन विभागातील एक ज्येष्ठ पर्यवेक्षक आम्हांस दिले, आणि करारनाम्यात लिहून दिले की आठवड्यातून एक दिवस ते या कामासाठी मोकळे राहतील.

हे गृहस्थ नोकरीस लागले तेव्हा गावोगावी फॅट काढण्यासाठी गंधकाम्ल व बुटायरोमीटर वापरीत. यंत्रे पुढे आली. विद्यार्थी त्यांना प्रथम साहेब म्हणत, पुढे काका म्हणू लागले. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितले की उत्पादकाचा संकेतांक म्हणजे एक मनुष्य असे समजू नका. म्हातारा गेला की तोच क्रमांक सुनेच्या नावाने चालू राहतो, आणि भावाभावांत वाटणी झाली की एकाचे दोन होतात. नोंदीत एखाद्याचे दूध एकाएकी निम्म्यावर आलेले दिसे, त्याचा उलगडा असा झाला.

त्याहून मोठी गोष्ट त्यांनी सहज बोलता बोलता सांगितली. थंडीत म्हशीचे दूध चढते हे सर्वांनाच ठाऊक असते, कारण बहुतेक म्हशी पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यापुढच्या महिन्यांत वितात. पण एकाच तालुक्यात हा चढ एखाद्या वर्षी लवकर व एखाद्या वर्षी उशिरा का येतो, हे विद्यार्थ्यांना उमजत नव्हते, आणि ते पर्जन्यमान व तापमान यांचे आकडे पुनःपुन्हा तपासून पाहत होते. काकांनी विचारले, “कारखान्याचा बॉयलर कधी पेटला ते बघितलं का?” गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या फडावरून हिरवे वाढे गोठ्यात येऊ लागतात, आणि ज्या गावांच्या आसपास तोड आधी लागते तेथे वैरणीची ददात आधी मिटते. परिसरातील साखर कारखान्यांच्या हंगामाच्या तारखा मॉडेलमध्ये घेतल्यावर अंदाजांत जी सुधारणा झाली, ती आधीच्या महिन्याभराच्या गणिती खटपटीतून झाली नव्हती. ही तारीख संघाच्या संगणकात कोठेही नव्हती. ती माहिती बाहेरची होती आणि तिचा दुवा एका माणसाच्या डोक्यात होता.

परंतु या प्रकल्पातील खरा कस लागला तो फॅटच्या आकड्यांपाशी. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट व ८.५ एस.एन.एफ. या गुणप्रतीला धरून ठरतो आणि त्याखाली पॉइंटागणिक कपात होते. आमच्या एका विद्यार्थिनीने फॅटचा आयतालेख काढला तेव्हा बरोबर ३.५ वर एक उंच मनोरा उभा राहिला आणि त्याच्या डाव्या अंगाला, ३.४ व ३.३ वर, चक्क खड्डा दिसला. निसर्गात गाई असे दूध देत नाहीत. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे या नोंदी सदोष म्हणून वगळाव्यात असे तुकडीतील दोघांचे म्हणणे पडले. तिचे म्हणणे असे की वगळण्याआधी त्या जेथे जन्मल्या ते ठिकाण पाहावे. पर्यवेक्षकांनी तिला बरोबर नेले, आणि मीही गेलो.

उजाडण्यापूर्वीच गावच्या दूध संस्थेच्या दारात किटल्या व कॅन घेऊन रांग लागली होती. वीज गेलेली, बॅटरी उतरलेली, आणि फॅटचे यंत्र मुके झालेले. तरीही सचिव माप घेतच होते. लिटर मोजून ते वहीत लिहीत आणि फॅटच्या रकान्यात आदल्या दिवशीचा आकडा उतरवून घेत. विद्यार्थिनीने कारण विचारले तेव्हा ते हातातले काम न थांबविता म्हणाले, “यंत्र बंद पडलं म्हणून गाय पान्हा चोरत नाही, ताई. दूध घ्यावंच लागतं.” रांगेतल्या एका वृद्ध बाईने चष्मा सावरीत विचारले, “आजचं कालच्याच फॅटवर धरलंस ना रे?” सचिव “होय मावशी” म्हणाले आणि ती समाधानाने बाजूला झाली. जो नवा असेल, ज्याचा कालचा आकडा नसेल, त्याला ३.५ धरण्याचा तेथे रिवाज होता. लपवाछपवी कसलीच नव्हती. जे होते ते सर्वांसमक्ष आणि सर्वांच्या संमतीने.

परत आल्यावर तिने अशा वेळा हुडकण्याची रीत बसविली: एका संस्थेत एका वेळच्या बहुतेक उत्पादकांचे फॅट आदल्या वेळेशी तंतोतंत जुळत असेल तर ती नोंद यंत्राची नव्हे, हाताची. त्या नोंदी वेगळ्या काढल्यावर मनोरा पुष्कळसा खचला, पण पुरता गेला नाही. उरलेल्या भागाविषयी विचारताच पर्यवेक्षक क्षणभर थांबले. “हे तुम्ही अहवालात लिहिणार असाल तर मी कार्यकारी संचालकांसमोरच बोलेन, मागे बोलणार नाही,” असे त्यांनी सांगितले. त्यांचे हे वाक्य मला फार मोठे वाटले.

संघाच्या कार्यालयात अहवाल सादर झाला तेव्हा ते खरोखरच बोलले. ३.४ आलेल्या उत्पादकाला दोनचार रुपयांसाठी नाराज करावे तर उद्या तो खाजगी डेअरीच्या गाडीला दूध घालतो, म्हणून काही सचिव आकडा वर सरकवितात. पुढे शीतकरण केंद्रावर त्याच दुधाची पुन्हा तपासणी होते, संस्थेचे एकूण फॅट कमी भरते, आणि ती तूट गावची संस्था सोसते. विद्यार्थ्यांनी गावच्या व केंद्राच्या आकड्यांची सांगड घालून हा फरक दाखविला होता. “हे आम्ही विचारलं नव्हतं,” असे एक अधिकारी म्हणाले, आणि ते खरेच होते. कार्यकारी संचालकांनी मात्र शांतपणे संस्थांची यादी मागितली. त्यावर आमची विद्यार्थिनी म्हणाली, “सर, गटवार आकडे आम्ही देतो. एकेका संस्थेचे नाव देता येणार नाही, कारण सचिव आमच्याशी विश्वासाने बोलले आहेत, आणि करारात तसे कलम आहे.” ते कलम प्रकल्प सुरू होण्यापूर्वी आम्ही आग्रहाने घातले होते. संचालकांनी करारनामा मागविला, मजकूर वाचला आणि आपली मागणी मागे घेतली.

तेव्हापासून प्रकल्पाचा मसुदा करताना मी दोन गोष्टींवर अडून बसतो. संस्थेने न विचारलेले पण आकड्यांनी सांगितलेले लिहिण्याची विद्यार्थ्यांना मोकळीक असली पाहिजे, आणि नोंद करणाऱ्या कनिष्ठ माणसाला त्या लिखाणातून तोशीस लागता कामा नये. यांतील एक सोडून दुसरी धरता येत नाही. कारण ज्याला भीती वाटते तो खरे सांगणार नाही, आणि खरे कळले नाही तर आमचे विद्यार्थी सत्रभर एका कल्पित गाईचे दूध मोजीत बसतील. काही संस्था या अटी ऐकून परत गेल्या. त्यांचा निधी गेल्याची हळहळ विभागातील काही सहकाऱ्यांना वाटली, ती मी समजू शकतो, परंतु माझा निर्णय बदलावा असे मला वाटलेले नाही.

संघाने गावच्या संस्थांच्या संगणकप्रणालीत आता एक नवा रकाना घातला आहे. फॅट यंत्राने घेतले की हाताने लिहिले एवढेच त्यात नोंदवावयाचे, आणि हाताने लिहिल्याबद्दल सचिवांना जाब विचारला जाणार नाही असे परिपत्रकही काढले आहे. ज्या संस्थांत हाताच्या नोंदी अधिक आढळतील तेथे बॅटरी बदलून देण्याचे संघाने मान्य केले आहे. यंदाच्या तुकडीने त्याच रकान्यावर काम करावयाचे ठरविले असून, काका निवृत्त झाले असले तरी आठवड्याचा त्यांचा दिवस कायम ठेवावा, अशी विनंती विद्यार्थ्यांनी संघाकडे केली आणि संघाने ती मानधनासह मंजूर केली.