तळ्याच्या तळावरचे गाव

इतिहास शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. भूगोल ही रंगभूमी आणि इतिहास हे तिच्यावरील नाटक. नाटके बदलतात, रंगभूमी तीच राहते, हे वाक्य आम्ही वर्गात किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. गतवर्षी कन्येकडे आम्सटरडॅमला गेलो असता, तेथून उत्तरेस असलेले मिडनबेमस्टर हे शेतकऱ्यांचे खेडे पाहण्याचा योग आला, आणि ते वाक्य आम्हास मागे घ्यावे लागले.

आम्ही बांधावर उभे होतो. एका बाजूस कालवा, दुसऱ्या बाजूस कुरणे. परंतु पाणी वर आणि कुरणे खाली! जेथे गाई संथपणे चरत होत्या, तेथे चारशे वर्षांपूर्वी सुमारे सात हजार हेक्टरांचे बेमस्टर सरोवर पसरले होते. आजही ही भूमी समुद्रसपाटीच्या सुमारे साडेतीन मीटर खाली आहे.

१६०७ साली सरोवर उपसण्याची परवानगी मिळाली. सभोवार बांध व कालवा झाला, पवनचक्क्या उभ्या राहिल्या. एका चक्कीस पाणी फार उंच चढविता येत नाही. म्हणून एकीने उचललेले दुसरीने आणखी वर घ्यावयाचे, अशी त्यांची रांग. द राइप गावचा यान लेघवाटर हा या कामावरील नामांकित कारागीर. १६१० च्या वादळात बांध फुटून पाणी पुन्हा आत शिरले. पुनश्च हरिः ॐ! अखेर १६१२ मध्ये तळ कोरडा झाला. मग त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते, सरळ पाट आणि १८० मीटर रुंद, ९०० मीटर लांब अशी शेते आखली गेली. माणसे, गुरे व गवत यांना एकाच मनोऱ्यासारख्या छपराखाली घेणारी तेथील घरे आम्हास फार आवडली. १९९९ साली या प्रदेशाची जागतिक वारशात गणना झाली.

हा उद्योग परोपकारार्थ मात्र नव्हता. नफ्याच्या आशेने १२३ जणांनी त्यात पैसा घातला. त्यांतील प्रमुख डिर्क व्हान ऑस. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या भांडवलाची नोंदणी १६०२ साली आम्सटरडॅमला झाली, ती याच गृहस्थाच्या घरी. पूर्वेकडील मिरी-मसाल्याचा व्यापार करणारे हात आणि हे तळे उपसणारे हात असे एकमेकांत गुंतलेले होते. पुढे १६२१ मध्ये जायफळासाठी बांदा बेटांवर भीषण संहार करणारी हीच कंपनी. १६३७ मध्ये आमच्या वेंगुर्ल्यास वखार घालणारीही हीच. हे आठवले आणि त्या हिरव्या कुरणांकडे केवळ कौतुकाने पाहणे आम्हास जमेना.

तरीही न्याय करावयाचा तर एवढे म्हटले पाहिजे की, नफ्याने हे गाव जन्मास घातले, पण तगविले नाही. पाऊस पडतो, पाणी झिरपते, आणि ते अखंड बाहेर टाकावे लागते. पूर्वी चक्क्यांनी, मग वाफेने, आता विजेने. बांध राखणे ज्यास जमत नसेल त्याने जमीन सोडावी, असा त्या देशाचा जुना दंडक होता. आजही जलमंडळे लोकांकडून कर घेऊन हे काम पाहतात. शेजाऱ्याशी वैर असले तरी चालेल, पण पाणी दोघांचे एकच.

“बाबा, पंप बंद पडले तर हो?” कन्येने विचारले.

“तर हळूहळू तळे परत येईल,” आम्ही म्हणालो, आणि बोलता बोलता आमचेच वाक्य आमच्या कानांत विपरीत वाजू लागले.

परत आल्यावर वर्गात आम्ही ते दुरुस्त करून सांगितले. रंगभूमीसुद्धा माणसेच बांधतात. तिचे मोल कधी दूरदेशीच्या अनोळखी माणसांनी चुकविलेले असते. आणि तिची निगा रोज राखली नाही, तर नाटक संपण्याआधीच ती पाण्याखाली जाते.