आमच्या खिशाचा निसाब

चऱ्होलीत आमच्या घराची ओळख 'सरकारी नोकरीवाल्यांचं घर' अशी आहे. थोरले भाई राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक आहेत. बाकी आम्ही धाकटे चाकणच्या कारखान्यांत, कधी या ठेकेदाराकडे तर कधी त्या. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. इंद्रायणीकाठच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या, तरी आमची ही ओळख काही बदलली नाही. सरकारी नोकरी म्हणजे पगार वेळेवर आणि दवाखाना फुकट, असा गावाचा समज. खरं सांगायचं तर आमचाही तोच होता.

जुलै २०२२ मध्ये एका रात्री अम्मीच्या छातीत कळ आली. पाऊस कोसळत होता. जवळच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. पहाटेपर्यंत अँजिओग्राफी झाली, लगेच अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट. अम्मी वाचली, अल्लाहचे लाख लाख शुक्र. चौथ्या दिवशी बिल हातात आलं : दोन लाख श्याऐंशी हजार. भाईंनी खिशातून कार्यालयाचं ओळखपत्र काढलं. काउंटरवरच्या मुलीने ते पाहिलं आणि नम्रपणे परत केलं. "आधी भरा सर, मग तुमच्या ऑफिसकडून घ्या."

तिचं चुकलं नव्हतं. नियमच तसा आहे. महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम १९६१ सालचे. कर्मचारी आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं कुटुंब, त्यात आईवडीलही, यांच्या उपचारांचा खर्च शासन परत देतं. खासगी रुग्णालयात कोणत्या आजारांवर उपचार घेतले तर चालतील, याची यादी १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयात आहे : २७ आकस्मिक आजार आणि ५ गंभीर. अँजिओप्लास्टी त्या पाचांत येते. म्हणजे आमचं प्रकरण कागदावर चोख होतं. फक्त त्याचं नाव 'प्रतिपूर्ती'. आधी तुम्ही भरायचं, मग बिलं, प्रमाणपत्रं, तांत्रिक छाननी, मंजुरी, आणि शेवटी अनुदान असेल तेव्हा पैसे.

पण आधी भरायचं कशातून? अम्मीने बारा वर्षं शिलाई करून पोस्टात हजसाठी एक लाख वीस हजार साठवले होते. ते काढले. भाभींच्या पाटल्या गहाण ठेवून नव्वद हजार आले. उरलेले शहात्तर हजार पतसंस्थेचं कर्ज. पाटल्या उतरवताना भाभी एवढंच म्हणाल्या, "सोना इसीके वास्ते रहता." अम्मीला हजच्या पैशांचं आम्ही महिनाभर सांगितलं नाही.

त्याच दिवसांत अमेरिकेतून मामूंच्या मुलाचा फोन आला. तो तिथला नागरिक आहे आणि केंद्र सरकारच्या एका कार्यालयात काम करतो. अम्मीची चौकशी करून त्याने विचारलं, "तुमच्या योजनेत फॅमिलीची लिमिट किती आहे?" भाईंनी सांगायला सुरुवात केली : खोलीभाड्याला इतकी मर्यादा, अमुक बाब मान्य, तमुक अमान्य. तो मध्येच थांबवून म्हणाला, "भाई, सरकार कितना देता वो नै पूछा. तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतात ते विचारलं."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. हा प्रश्न आम्हाला कुणी कधी विचारलाच नव्हता.

मग त्याने समजावून सांगितलं. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य विम्याची व्यवस्था १९६० पासून चालू आहे. कर्मचारी दरमहा हप्ता भरतो, उपचारांतला काही वाटाही उचलतो. पण वर्षभरात त्याच्या खिशातून ठरावीक रक्कम गेली की पुढचा मान्य खर्च सगळा विम्याचा. २०२२ साली तिथल्या कायद्याने ही कमाल रेषा एका माणसासाठी ८,७०० डॉलर आणि कुटुंबासाठी १७,४०० डॉलर होती. रक्कम लहान नाही. हप्ते त्यात धरत नाहीत. ठरलेल्या रुग्णालयांबाहेर गेलं तर हिशोब बदलतो. आणि त्या 'फॅमिली'त बायको आणि मुलं आहेत, आई नाही. मुमानी त्याच्याकडे राहायला गेल्या तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागला होता. आपल्या १९६१ च्या नियमांनी आईला कुटुंबात धरलं, याचं मोल आम्हाला त्या दिवशी कळलं. तिकडे आईला जागा नाही, पण खिशाला रेषा आहे. इकडे आई आहे, रेषा नाही.

आपल्याकडे मर्यादा कमी नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी तोच स्टेंट लाखाच्या पुढे जाई. ते काम चांगलंच झालं. आमच्या बिलातही स्टेंट मर्यादेतच होते. बाकीचा आकडा खोली, तपासण्या, साहित्य आणि शुल्क यांनी भरून निघाला. जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली, वर्षाला पाच लाखांपर्यंत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारतमध्ये घेतलं. हेही मोठंच पाऊल. पण पाच लाख ही रेषा सरकारच्या थैलीवर मारलेली आहे. सरकार कुठे थांबेल ते ती सांगते. घर कुठे थांबेल ते कोण सांगणार?

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. आकडा उतरला याचा आनंद आहे. मात्र सरासरी कुणाच्या घरी राहत नाही. घराच्या एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांहून जास्त दवाखान्यावर गेले तर तो पेलवणार नाही असा खर्च, असं जगभर मानतात. दुसरी, वरची रेषा पंचवीस टक्क्यांची. आमच्या घराचा वर्षाचा खर्च चार लाखांच्या आसपास. त्या चार दिवसांत त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक गेले.

पुढचा रमजान २०२३ च्या मार्चअखेर सुरू झाला. दरवर्षीप्रमाणे आम्ही जकातीचा हिशोब मांडला. सोनं गहाण, पोस्टातलं खातं रिकामं, डोक्यावर कर्ज. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीशी ताळा घातला आणि गप्प झालो. आम्ही निसाबच्या खाली होतो. हाफिजसाहेबांना विचारलं तर ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुमच्यावर जकात नाही. उलट कर्जदाराचाही जकातीवर हक्क आहे. आठ हकदारांत तोही आहे." त्यांनी आपलेपणानेच सांगितलं. पण सरकारी नोकरीवाल्यांच्या घरात ते शब्द बराच वेळ घुमत राहिले. मदत घ्यायला भाईंनी नकार दिला. तो अभिमान होता की लाज, आम्हाला आजही नक्की सांगता येत नाही.

निसाब आम्ही लहानपणापासून पाठ केला होता, पण त्याचा अर्थ तेव्हा उमगला. ज्याच्याकडून मागायचं त्याच्या घराकडे आधी बघा. एका रेषेच्या खाली त्याच्याकडून काही मागू नका. देणाऱ्याच्या बाजूने मारलेली ही रेषा आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. मग कर्मचाऱ्यांच्या आरोग्ययोजनेत ती का नसावी? समजा, वर्षभरात एका महिन्याच्या मूळ पगाराइतका खर्च घराचा, त्यापुढचा थेट शासन आणि रुग्णालय यांच्यातला. काय अमान्य ते बिलावर सही घेण्याआधी सांगायचं, वर्षभराने नाही. लिपिकालाही हे लागू आणि साहेबालाही, ज्याच्या-त्याच्या पगाराच्या मापाने.

ऑगस्ट २०२३ मध्ये, तेरा महिन्यांनी, प्रतिपूर्ती आली. एक लाख चौऱ्याहत्तर हजार. एक लाख बारा हजार 'अमान्य'. म्हणजे सरकारने दिल्यानंतरही घराच्या वर्षाच्या खर्चातले अठ्ठावीस टक्के गेले ते गेलेच. आलेल्या पैशांतून पाटल्या सोडवल्या, पतसंस्थेचं देणं फेडलं. व्याज जाऊन जे उरलं ते अम्मीच्या हातावर ठेवलं.

तिने नोटा मोजल्या नाहीत. एवढंच विचारलं, "भाभी के पाटल्या आए ना?" आल्या म्हटल्यावर तिने पैसे रुमालात बांधले. दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन पोस्टात गेली आणि पुन्हा खातं उघडलं. फॉर्मवर कारण लिहायची जागा नव्हती. खिडकीतल्या माणसाला तिने आपणहून सांगितलं, "हज के वास्ते है." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "इसको अब हाथ नै लगाना."

आम्ही हो म्हणालो. पण ते आमच्या हातात नाही, हे तिलाही माहीत होतं.