कोनाड्यातलं गोष्टीचं पुस्तक

आमच्या घरात अरबी अक्षरं जमिनीवर राहत नाहीत. खजुराच्या खोक्यावरचा कागद असो की आखाती साबणाचं वेष्टन, दादीच्या नजरेला पडलं की ते उचललं जातं आणि उंच जागी जातं. त्यामुळे त्या सुट्टीत शारजाहून रत्नागिरीला आलो, आणि धाकटी लेक जमिनीवर पालथी पडून, रंगीत खडू पसरून, एक अरबी पुस्तक वाचत बसली, तेव्हा जे व्हायचं तेच झालं. दादीने पुस्तक उचललं, डोळ्यांना लावलं आणि कोनाड्यात कुरआन शरीफच्या शेजारी ठेवून दिलं.

"दादी, अगं त्यात राक्षस आहे!" लेक ओरडली.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. हसावं की समजवावं, कळेना.

पुस्तक होतं ‘अल-गूल’. लेखिका तगरीद नज्जार, पॅलेस्टिनी मुळाच्या, राहणाऱ्या जॉर्डनच्या अम्मान शहरात. तगरीद म्हणजे पक्ष्यांची किलबिल. गोष्ट अशी: डोंगरावर एक गूल राहतो म्हणून सारा गाव धास्तावलेला. मोठ्याने बोलायचं नाही, हसायचं नाही, गूल येईल. हसन नावाच्या मुलाला या भीतीचा कंटाळा येतो आणि तो डोंगर चढून जातो. वर गेल्यावर कळतं की गूलही माणसांना तितकाच घाबरून बसलेला आहे.

ही गोष्ट आमच्या घरात कशी आली, ते सांगायला हवं. अमिरातीतल्या शाळांत, आपल्या भारतीय शाळांतसुद्धा, अरबी हा सक्तीचा विषय असतो. आमच्या दोन्ही मुलींचा नाझिरा लवकर पूर्ण झाला होता. मखरज स्वच्छ, आवाज गोड, पाहुण्यांसमोर सूरह ऐकवायला आम्हालाही अभिमान वाटे. पण शाळेतल्या अरबीच्या तासाला दोघी रडकुंडीला येत. थोरली एकदा म्हणाली, "अब्बा, मला अरबी वाचता येतं, पण ते माझ्याशी बोलत नाही." आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडचं हे वाक्य आम्हाला बरेच दिवस बोचत राहिलं. कारण ते आमचंही होतं. चाळीस वर्षं पढतोय, पण त्या भाषेत कुणी विनोद केला तर आमच्या चेहऱ्यावरची रेषा हलणार नाही.

शारजात दर नोव्हेंबरला एक्स्पो सेंटरमध्ये मोठा पुस्तक मेळा भरतो, 1982 पासून. भारतीय पुस्तकांच्या दालनात मल्याळी बांधवांची अशी झुंबड असते की ईदच्या बाजाराची आठवण व्हावी. (मराठीचा स्टॉल आम्हाला कधी दिसला नाही. मनाला लागतं, पण दोष कुणाला द्यायचा?) त्या गर्दीतून बाहेर पडून आम्ही अरबी बालपुस्तकांकडे वळलो, आणि ‘अल सलवा’ या पाटीपाशी मुली थांबल्या. त्यांना आठवला ‘मन्न व सलवा’, बनी इस्राईलसाठी उतरलेले ते लावे पक्षी. पण सलवा म्हणजे दिलासासुद्धा.

पुस्तक उघडताच मुलींना पहिली ओळख पटली ती जबर, जेर, पेशची. अरबी वर्तमानपत्रात, मोठ्यांच्या पुस्तकांत ही चिन्हं नसतात. वाचणाऱ्याने ती मनाने भरायची असतात. मुलांच्या पुस्तकांत मात्र ती देतात. म्हणजे आपल्या मदरशात शिकलेल्या मुलांना पहिल्या पानापासून वाचता येतं. अर्थ पुढची गोष्ट, पण जीभ अडखळत नाही. चित्रं बघत, शब्द विचारत, एका आठवड्यात धाकटीने हसनला डोंगरावर पोचवलं. आणि गूल माणसांना घाबरतो हे कळलं तेव्हा ती हसली. अरबी वाचून हसली. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की अरब घरांतलं दुखणंही आपल्यापेक्षा फार वेगळं नाही. घरात बोलतात ती अम्मानची, कैरोची, बगदादची बोली. पुस्तकात असते ती फुसहा, म्हणजे प्रमाण अरबी. पाच वर्षांचं पोर शाळेत जातं तेव्हा त्याला आपलीच भाषा नव्याने शिकावी लागते. त्यात पूर्वीची बरीच बालपुस्तकं नसीहतीने गच्च भरलेली. खोटं बोलू नये, दात घासावेत, वडीलधाऱ्यांचं ऐकावं. सगळं खरं, पण मूल त्यासाठी पान उलटत नाही.

तगरीद नज्जार आधी शिक्षिका होत्या. मुलांच्या हातात द्यायला जिवंत अरबी पुस्तकं फार थोडी आहेत हे त्यांनी वर्गातच पाहिलं असणार. सत्तरच्या दशकात त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि 1996 मध्ये अम्मानमध्ये ‘अल सलवा’ ही स्वतःची प्रकाशन संस्था काढली. तेव्हापासून दुसऱ्या लेखकांची पुस्तकंही त्या काढत आल्या आहेत. त्यांची एक नायिका, नूरा, कलिंगडासाठी इतकी वेडी की एक अख्खं कलिंगड एकटीने खायचं म्हणून खोलीत लपवून ठेवते, आणि रात्री ते कलिंगड वाढायला लागतं. यात हावरटपणाची नसीहत आहेच. पण ती शोधायला मुलांना वेळच मिळत नाही, त्या कलिंगड कुठवर वाढणार या चिंतेत असतात.

लेखिका होणं एक वेळ सोपं. प्रकाशक होणं म्हणजे कागदाचा भाव, छपाई, चित्रकाराचं मानधन आणि गोदामातले गठ्ठे. वीसहून अधिक देशांत अरबी चालते, तेव्हा बाजारपेठ केवढी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक देशाची सरहद्द वेगळी, परवानगी वेगळी, सेन्सॉर वेगळा. म्हणून हे प्रकाशक खोकी बांधून मेळ्यामागून मेळे फिरतात, आपल्याकडच्या उरुसातल्या दुकानदारांसारखे. 2009 मध्ये अमिरातीत अरबी बालसाहित्यासाठी ‘इतिसलात’ पुरस्कार सुरू झाला, दहा लाख दिरहमचा, आणि त्यात लेखकाबरोबर चित्रकार आणि प्रकाशकाचाही वाटा ठेवला. हे आम्हाला फार आवडलं. 2019 मध्ये किशोरांच्या पुस्तकाचा हा पुरस्कार नज्जार यांच्या कादंबरीला मिळाला. तिच्या नावाचा अर्थ, ‘ही बाहुली कुणाची?’ 1948 ची पॅलेस्टिनींची ताटातूट तिच्या मुळाशी आहे.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आम्ही दोघंही मराठी शाळेत शिकलो. ‘गोट्या’ आणि ‘फास्टर फेणे’ वाचून वाढलो आणि त्यांच्यावर जीव टाकला. पण आमच्या वाचनात हसन किंवा नूरा आली ती बहुतेक ईदच्या धड्यात, शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन. धडा संपला की तीही संपली. तिला कधी कलिंगड लपवू दिलं नाही, डोंगर चढू दिला नाही. याबद्दल आम्ही तक्रार खूप केली, मेहफिलीत, लग्नात, मुशायऱ्यात. लिहिलं काहीच नाही. अम्मानच्या त्या बाईंनी वर्गात उणीव पाहिली, लिहिलं, आणि पुढे छापखान्याची वाटही स्वतःच धरली.

आता दादीची उरलेली हकीकत. कोनाड्यातलं पुस्तक परत मिळवायला दोन दिवस गेले. शेवटी धाकटीने दादीच्या मांडीवर बसून सगळी गोष्ट सांगितली. दादी शेवटपर्यंत गप्प. मग म्हणाली, "म्हणजे हे लेकरांचं आहे. मग लेकरांकडेच राहू दे. पण खाली ठेवू नको हो." तेव्हापासून गूल कॉटवर असतो. दोन्ही बाजूंचा मान राहिला.

थोरली पंधराची झाली तेव्हा तिने नज्जार यांची ‘सित्त अल-कुल्ल’ कादंबरी वाचायला घेतली. अरबीत आईला, लेकीला लाडाने असं म्हणतात, साऱ्याजणींत सरस अशी ती. शब्दकोश मांडीवर, तीन महिने लागले. गाझामधली युसरा. भाऊ गेलेला, बाप अपंग होऊन घरी बसलेला, घरात मिळवतं कुणी नाही. ही पोर बापाची होडी घेऊन समुद्रात उतरते. लोक बोलतात, हसतात, पण ती मासेमारी करते. गाझातल्या एका खऱ्या मुलीवरून हे लिहिलेलं आहे.

सुट्टीत थोरली ही गोष्ट रोज रात्री दादीला सांगायची, आमच्या कोकणी बोलीत. मध्येच एखादं वाक्य अरबीत वाचून दाखवायची. आणि दादी मध्येच हात वर करायची. "थांब. हवा म्हणालीस ना? आणि आता नसीब?" तिला शब्द सापडत होते. हवा, दुनिया, हिसाब, तुफान. सत्तर वर्षं पढलेल्या भाषेतून तिच्या चुलीपाशी बोलले जाणारे शब्द एकेक करून बाहेर येत होते.

दादीच्या माहेरचा मचवा होता. बाप आणि भाऊ समुद्रावर जायचे, ती लहानपणी जाळी विणायची. युसराने पहिल्यांदा जाळं टाकलं त्या रात्री दादी उठून बसली. "एकटी? जाळं ओढलं कसं तिने?"

मग थोरलीने सांगितलं की गाझाच्या कोळ्यांना पाहिजे तितकं लांब जाता येत नाही. करारात वीस सागरी मैल लिहिलेले, पण इस्राईलने कितीतरी वर्षं तीनच मैलांवर रोखून धरलं, कधी सहा. पुढे गेलं की गोळी. दादी बराच वेळ बोलली नाही. आम्हाला वाटलं, झोप लागली.

"तीन मैलांत," ती अंधारात म्हणाली, "काय मासळी मिळणार गं पोरीला?"