सुगरणीचा खोपा आणि आईचा झोपाळा

गेल्या आठवड्यात निरगुडसरला जाऊन आलो. आईसाठी तीन वर्षांपूर्वी घेतलेला झोपाळा आता गोठ्यामागे पडलाय. सुगरणीच्या खोप्याच्या आकाराचा, वेतासारखा दिसणारा, पण प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेला. दुकानदार म्हणाला होता, "निसर्गातूनच घेतलेलं डिझाइन आहे, सर." मी लगेच भाळलो.

भाळण्यामागे एक कारण होतं, तेही सांगून टाकतो. आमच्या विहिरीवर एक बाभूळ होती. पाण्यावर झुकलेल्या तिच्या फांद्यांना पावसाळ्यात दहा-पंधरा खोपे लटकायचे. पाइपलाइन टाकताना ती आम्हीच तोडली. कुऱ्हाड माझ्या हातात नव्हती, पण होकार माझाच होता. आई काही बोलली नाही. चार दिवस विहिरीकडे फिरकली नाही, एवढंच. झोपाळा ही माझ्या परीने भरपाई होती.

तीन उन्हाळ्यांत पट्ट्या तडकल्या. त्या उकिरड्यात कुजत नाहीत, चुलीतही घालवत नाहीत. भंगारवाल्याने लोखंडी सांगाडा तेवढा मागितला.

निसर्गाकडे बघून वस्तू घडवणं वाईट नाही हो. जपानच्या 500 मालिकेच्या बुलेट ट्रेनचं नाक खंड्याच्या चोचीवरून बेतलं. 1997 साली ती धावू लागली. बोगद्यातून बाहेर पडतानाचा धडाका कमी झाला आणि वीजही वाचली. पण दुसरं उदाहरण बघा. 1941 साली जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनियरने कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं पाहिली आणि त्यातून वेल्क्रो जन्मला. बोंड मातीत पडलं की रुजतं. नायलॉनचा वेल्क्रो कचऱ्यात तसाच पडून राहतो.

जेनिन बेन्यस यांनी 1997 च्या आपल्या पुस्तकातून हा विषय लोकांपर्यंत नेला. त्या तीन पायऱ्या सांगतात: निसर्गाचा आकार घ्या, त्याची घडवण्याची रीत घ्या, आणि वस्तू सगळ्या व्यवस्थेत बसते का तेही बघा. माझा झोपाळा पहिल्याच पायरीवर थांबला होता.

खोपा मात्र तिन्ही पायऱ्या चढतो. विणणारा असतो नर. शेजारच्या उसाच्या पानांच्या, गवताच्या चिरफळ्या काढून शेकडो फेऱ्या मारतो. ना भट्टी, ना रंग, ना ट्रक. हंगाम सरल्यावर कधी त्यात मुनिया राहतात, नाहीतर तो गळून मातीत जातो. खोपा टिकत नाही, म्हणूनच तर खोप्यांची रीत टिकलीय!

निघताना आईला म्हटलं, दुसरा घेऊ, खऱ्या वेताचा. ती म्हणाली, "झोपाळा कुणी मागितला होता रे?"

विहिरीच्या कडेला बाभळीची दोन रोपं आपोआप उगवलीयत. शेळ्या खातील म्हणून भोवती काट्या लावून आलो. खोपे लटकायला बरीच वर्षं लागतील. आईचं वय आता 74.