निळ्या डोंगरांतील तीन चाके

बँकेत छत्तीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासण्यात घालविलेल्या मनुष्याची एक खोड निवृत्तीनंतरही जात नाही. कोणी आपली इच्छा बोलून दाखविली, की तो मनातल्या मनात तिची छाननी सुरू करतो. गरज खरी आहे का, ऐपत आहे का, तारण काय आणि परतफेड कशातून होणार? काही वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू आण्णा यांनी अशीच एक इच्छा माझ्यापुढे ठेविली. "तू आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारलेस. आता माझ्या अर्जावर मार," असे ते फोनवर हसत म्हणाले. त्यांचे वय त्या वेळी चौऱ्याहत्तर होते आणि अर्ज होता लांबच्या प्रवासासाठी बनविलेल्या तीन चाकी मोटारसायकलीचा.

आण्णा सांगलीहून अभियंता होऊन अमेरिकेस गेले व व्हर्जिनिया राज्यातील रोआनोक या गावी स्थिरावले. आम्ही उभयता ऑक्टोबरात त्यांच्याकडे गेलो. हे गाव रेल्वेमुळे वाढलेले. येथील कारखान्यात एके काळी वाफेची इंजिने बांधली जात. गावाच्या माथ्यावर मिल माउंटन नावाची टेकडी असून तिच्यावर 1949 साली व्यापाऱ्यांनी नाताळच्या शोभेसाठी उभारलेला सुमारे 88 फूट उंचीचा दिव्यांचा तारा आहे. सणापुरता उभारलेला तो तारा पुढे उतरविलाच गेला नाही.

आण्णा तेथे रमले ते मात्र या ताऱ्यामुळे नव्हे, तर गावाला वळसा घालून जाणाऱ्या एका रस्त्यामुळे. त्याचे नाव ब्लू रिज पार्कवे. व्हर्जिनियातील शेनान्डोह राष्ट्रीय उद्यानापासून नॉर्थ कॅरोलायनातील ग्रेट स्मोकी पर्वतापर्यंत 469 मैल, म्हणजे सुमारे 755 किलोमीटर, तो डोंगराच्या धारेधारेने जातो. मंदीच्या काळात लोकांना काम मिळावे म्हणून 1935 साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि शेवटचा तुकडा 1987 साली पुरा झाला. या रस्त्यावर मालवाहू वाहनांना बंदी आहे, जाहिरातींचे फलक नाहीत, पथकर नाही आणि वेगाची मर्यादा ताशी 45 मैल आहे. पोहोचण्याची घाई असलेल्याने येथे येऊच नये, असाच जणू त्याचा नियम आहे. या रस्त्यावरून आण्णा आणि वहिनी वीस वर्षे दुचाकीवरून हिंडले.

दोन वर्षांपूर्वी याच पार्कवेवरील एका थांब्यावर ते पडले. गाडी धावत नव्हती, उभी राहत होती. खडीवर टेकविलेला आण्णांचा डावा पाय गुडघ्यातून लचकला आणि चारशे किलोच्या आसपास वजनाची ती गाडी दोघांसह आडवी झाली. आण्णांना खरचटले. वहिनींचे मनगट मोडले. त्यानंतर गाडी गॅरेजमध्ये आच्छादनाखाली गेली. वहिनींनी तिच्याविषयी एक शब्द काढला नाही, आणि आण्णांनी त्या मौनाचा अर्थ विचारला नाही. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, पण पायावरचा विश्वास परतला नाही. म्हणून तीन चाके.

अशा वाहनाचे मुख्यत्वे दोन प्रकार तेथे दिसतात. हार्ले-डेव्हिडसनच्या ट्राय ग्लाइडमध्ये आपल्या रिक्षाप्रमाणे एक चाक पुढे आणि दोन मागे असतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील बीआरपी या कंपनीने 2007 साली बाजारात आणलेल्या कॅन-ॲम स्पायडरमध्ये याच्या उलट, दोन चाके पुढे आणि एक मागे. वळणावर ब्रेक लावला की वाहनाचा भार पुढे व बाहेरच्या बाजूस सरकतो. त्या कोपऱ्यात चाक असले तर ते भार पेलते, नसले तर वाहन तिकडे कलू पाहते. आण्णांमधील अभियंत्याला म्हणूनच दुसरी रचना पटली होती. स्पायडरच्या प्रवासी नमुन्याला 1330 घनसेंटिमीटरचे इंजिन, क्लचविना बोटाने बदलता येणारे गिअर, मागे घेण्यासाठी रिव्हर्स गिअर आणि तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे. ब्रेक फक्त पायाने लावावयाचा.

मी माझ्या सवयीप्रमाणे वही उघडली. नवे वाहन 30,000 डॉलरच्या आसपास. पाच वर्षांनी अर्ध्या किमतीत विकले गेले असे धरले, तर घसारा 15,000. डोंगरात बर्फ पडू लागले की पार्कवेचे भाग बंद होतात. पावसाचे दिवस, दवाखान्याचे दिवस वजा जाता वर्षाला पंचवीस दिवस वापर. म्हणजे दर दिवशी 120 डॉलर, शिवाय विमा, टायर आणि इंधन. इंधन मोटारीइतकेच लागणार, बसणार मात्र दोघेच. आण्णांची ऐपत निर्विवाद होती. गरजेच्या रकान्यात काय लिहावे, हे मात्र मला सुचेना.

त्या रकान्यापाशी मी अडखळलो याला आणखी एक कारण होते. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहाचे परिमाण आहे, तसेच दिग्व्रतही आहे. दाही दिशांना आपण कोठवर जाऊ, याची मर्यादा गृहस्थाने स्वतःच आखून घ्यावयाची. विनाकारण होणारी हिंसा टाळण्यासाठी अनर्थदंडव्रत आहे. आपले मुनी चार हात जमीन निरखीत पाऊल टाकतात. ताशी 45 मैल म्हणजे सेकंदाला 20 मीटर. त्या वेगाने, केवळ हौसेखातर, चौऱ्याहत्तराव्या वर्षी? मी नकाराचा शेरा जवळजवळ लिहून टाकला होता.

"लिहिण्यापूर्वी एकदा बसून तर पाहा," आण्णा म्हणाले. त्यांनी एका दिवसासाठी स्पायडर भाड्याने आणली. व्हर्जिनियात तीन चाकी मोटारसायकलीसाठी परवान्याचा स्वतंत्र वर्ग आहे, पण आण्णांच्या जुन्या परवान्यात दोन्ही प्रकार समाविष्ट होते. हेल्मेट दोघांनाही सक्तीचे. सकाळी देवपूजा आटोपून आम्ही निघालो. मी मागच्या आसनावर; वहिनी आणि माझी पत्नी मागून मोटारीत, आणि मोटार वहिनींच्या हाती.

गाव मागे पडले आणि दक्षिणेकडे जाणारा पार्कवे लागला. ऑक्टोबरातील ते डोंगर मी शब्दांत कसे सांगावे? मेपल लाल, हिकरी पिवळी, ओक तांबूस, आणि त्यांच्यापलीकडे एकामागे एक निळ्या रांगा. तो निळेपणा झाडांचाच. त्यांच्या पानांतून बाहेर पडणाऱ्या वायूंमुळे हवेत विरळ धुके धरते व त्यामुळे दूरचे डोंगर निळे दिसतात. मधूनच माळ लागे, लाकडी फाळ्यांची नागमोडी कुंपणे दिसत, गाई चरत असत. आंबा घाटाच्या ऐन वळणावर बसच्या खिडकीतून दरी पाहताना जे वाटते, ते येथे तासभर सलग वाटत होते.

वाहनाविषयीही सांगितले पाहिजे. दुचाकी वळणावर आत झुकते आणि आपणही तिच्याबरोबर झुकतो. हे वाहन झुकत नाही. डावीकडचे वळण आले की अंग उजवीकडे लोटले जाते. पहिल्या दहा मैलांत माझे हात मुठी आवळून दुखू लागले. आण्णांचीही एक-दोनदा गफलत झाली. पन्नास वर्षांची दुचाकीची सवय त्यांना हँडल उलट दाबावयास सांगे, आणि हे वाहन तर हँडल फिरवू त्याच बाजूस जाई. दुचाकीला रस्त्यावरचा एक खड्डा चुकविता येतो. येथे तीन चाकांच्या तीन वाटा, एक चुकविला तर दुसरा सापडतो. मात्र थांबताना जे घडले ते मी विसरणार नाही. पहिल्या थांब्यावर गाडी उभी राहिली आणि आण्णांचे दोन्ही पाय जागच्या जागी राहिले. खाली टेकविण्याची गरजच नव्हती. त्यांच्या खांद्यांतला ताण सैल झालेला मला मागून दिसला. वीस वर्षांची हौस त्या एका क्षणाच्या भीतीने अडवून धरली होती, हे मला तेव्हा कळले.

176 व्या मैलावर मॅब्री मिल आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एड मॅब्री नावाच्या गृहस्थाने उभारलेली ही पाणचक्की. लाकडी पन्हळातून येणारे पाणी चाकावर पडते व समोरच्या तळ्यात तिचे प्रतिबिंब दिसते. येथे दळण होई आणि लाकूडही कापले जाई. येथील उपाहारगृहात घावनासारखे पॅनकेक मिळतात, पण त्यांत अंडे असते म्हणून आम्ही बरोबर आणलेल्या दशम्या व शेंगाची चटणी काढली.

जेवताना मी माझी छाननी मांडली. घसारा, विमा, इंधन, व्रते, वय. आण्णा मान खाली घालून ऐकत होते. माझे संपल्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, बँकेत तुम्ही जामीनदाराला न विचारता कर्ज मंजूर करत होता का?"

मी निरुत्तर झालो. आठवडाभर मी किमती विचारल्या, रचना समजून घेतली, धर्मशास्त्र आठविले. पण ज्यांचे मनगट मोडले त्यांना मी काहीच विचारले नव्हते. आण्णांनीही नाही.

वहिनी पुढे म्हणाल्या, "मला पडण्याची भीती नाही. त्या दिवशी गाडीखाली यांचा पाय अडकला होता आणि माझ्या एका हाताने ती हलेना. दहा मिनिटांनी कोणी मदतीला आले. ती दहा मिनिटे माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. यांना वाटले मी रागावले आहे."

आण्णा बराच वेळ पाण्याच्या चाकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मला खरेच तसे वाटले."

जेवणानंतर वहिनींनी माझे हेल्मेट मागितले. मी मोटारीत बसलो, माझी पत्नी पुढे शेजारी, आणि मोटार चालविण्याची पाळी माझ्यावर आली. उजव्या बाजूने चालविताना माझे सगळे लक्ष रस्त्यावर असले, तरी पुढच्या गाडीवरचे ते दोन पाठमोरे आकार नजरेतून सुटत नव्हते. दोन थांबे झाल्यावर वहिनी उतरल्या. "वळणावर बाहेर फेकल्यासारखे होते," त्या म्हणाल्या, "पण थांबल्यावर जीव थाऱ्यावर राहतो." आणि पुन्हा मागे जाऊन बसल्या.

दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचून जेवणे आटोपली. हरणांचे कळप या ऋतूत संध्याकाळी रस्ता ओलांडतात आणि दिव्यांच्या झोतात किडे काचेवर आदळतात, म्हणून अंधारात गाडी नको, ही वहिनींची पहिली अट. दुसरी, जुनी गाडी विकली जाईल तेव्हाच नवी दारात येईल, आणि तीही वापरलेली. तिसरी, तीन चाकीचे रीतसर प्रशिक्षण आधी पुरे करावयाचे. पन्नास वर्षांचा अनुभव येथे आडवा येतो हे दिसलेच होते. चौथी, महामार्ग टाळावयाचे आणि दिवसाला दीडशे मैलांपलीकडे जावयाचे नाही.

वहिनी तेथील मोजक्या जैन कुटुंबांतील मुलांना पाठशाळेत शिकवितात. त्यांनीच मला आठवण करून दिली, की दिग्व्रत जन्माचे असते, तर देशव्रत ठराविक काळापुरते. म्हणून या अटी एका वर्षाच्या. दर दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या दिवशी, दोघांनी बसून पुन्हा ठरवावयाचे. मर्यादा कमी करता येईल, वाढविता येणार नाही. ठरविलेले क्षेत्र वाढविणे आणि ठरविलेली मर्यादा विसरणे, हे दोन्ही दिग्व्रताचे अतिचार आहेत. आण्णांनी अटी डायरीत लिहून घेतल्या, विसरलो ही सबब नको म्हणून.

मी व्रतांकडे नकाराचे कारण म्हणून पाहत होतो. वहिनींनी त्यांतून होकाराची रीत काढली. किती, कोठवर आणि कोणाच्या संमतीने, हे स्वतः ठरविणाऱ्या मनुष्याच्या हाती वाहन राहते. न ठरविणारा वाहनाच्या हाती जातो. गरजेच्या रकान्यात मी शेवटी लिहिले, "उभयतांचा एकत्र प्रवास." आणि खाली शेरा मारला, "अटींसह मंजूर."

पुढील वसंतात ते दोघे पार्कवेने उत्तरेस गेले. तो संपतो तेथेच शेनान्डोहचा 105 मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह सुरू होतो. त्यापुढे आडरस्त्यांनी, रोज मुक्काम करीत, ते न्यू जर्सीतील सिद्धाचलम् येथे पोहोचले. आचार्य सुशीलकुमार मुनींनी 1983 साली स्थापिलेले हे तीर्थ. तेथून वहिनींनी पाठविलेल्या छायाचित्रात गाडी कोठेच नव्हती. पायऱ्यांवर दोघे अनवाणी बसलेले होते.

सांगलीस परतल्यावर एका सकाळी मंदिराला जाण्यासाठी मी स्कूटर काढली. पत्नी नेहमीप्रमाणे मागे बसू लागली. तिला मी पहिल्यांदाच विचारले, "मागे बसताना तुला भीती वाटते का?"

"दोन वर्षांपासून," ती म्हणाली.

मी स्कूटर पुन्हा आत लावली. मंदिर घरापासून अर्धा किलोमीटर आहे. आम्ही दोघे चालत निघालो.