मच्छे गावची माती आणि बोलीची कबड्डी

बेळगाव शहराचे तिसरे रेल्वे फाटक मागे टाकून खानापूरच्या दिशेने निघाले, म्हणजे प्रथम उद्यमबाग लागते. तेथे फौंड्र्यांचा धूर आणि लेथ यंत्रांचा आवाज यांची संगत काही काळ सुटत नाही. पुढे पिरनवाडी येते. तेथून एक वाट जांबोटी आणि चोर्ला घाटावरून गोव्याकडे वळते. आपण मात्र न वळता सरळ चालत राहिलो की मच्छे गाव येते. गाव म्हणावे तर कारखाने दिसतात आणि शहर म्हणावे तर घराच्या परड्यात गवताची गंजी दिसते. सांतीबस्तवाडच्या वाटेवर विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी कर्नाटकातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये जोडलेली आहेत. ज्या गावात आजोबांनी भातलावणी केली, त्याच गावच्या नावाने आता इंजिनीअरांच्या पदव्यांचा पत्ता लिहिला जातो. काळाने केलेली ही गंमत आम्हांस मोठी वाटली.

तथापि आम्ही गेलो होतो ते विद्यापीठ पाहावयास नव्हे. संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटल्यावर या बाजूच्या गावांतील तरुण मुले मैदानात उतरतात, मातीवर पाण्याचा शिडकावा करतात, चुन्याच्या रेषा मारतात आणि कबड्डी खेळतात. तो खेळ पाहावा आणि त्या मुलांच्या घरच्या माणसांशी दोन शब्द बोलावे, एवढाच आमचा हेतू होता. कारण गेल्या काही वर्षांत या जुन्या खेळात एक नवी गोष्ट शिरली आहे, आणि तिची चर्चा बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या टापूतील कित्येक घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळी होते. ती गोष्ट म्हणजे बोली. आमच्या मुलाचे नाव बोलीच्या यादीत लागेल काय? लागले तर कॉलेजचे काय करावे? नाही लागले तर?

आमच्या लहानपणी याच खेळाला हुतूतू म्हणत. त्याला नियमांच्या चौकटीत बसविण्याचे काम प्रामुख्याने महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींनी केले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जगापुढे या खेळाचे प्रात्यक्षिक करून दाखविले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. एवढे सारे होऊनही खेळाडूच्या पदरी काय पडे? एक ढाल, एक पेला, नारळ, गावच्या वेशीपासून मिरवणूक. आणि नशीब चांगले असेल तर रेल्वे, पोलीस, लष्कर किंवा एखाद्या बँकेत खेळाडू म्हणून नोकरी. ही नोकरी हेच खरे बक्षीस होते. खेळ संपला तरी पगार चालू राही.

२०१४ च्या जुलै महिन्यात प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हे चित्र पालटले. त्या वर्षीच्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमार या नामवंत खेळाडूवर लागली. पाटण्याच्या संघाने त्याला १२ लाख ८० हजार रुपयांस घेतले. त्या दिवशी लोकांनी तोंडात बोटे घातली. पुढे चारच वर्षांनी, २०१८ साली, कोटीचा आकडा ओलांडला गेला. आणि २०२३ साली पवन सेहरावत या चढाईपटूसाठी तेलुगू टायटन्स संघाने २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम मोजली. कबड्डीसाठी एवढा पैसा! आमच्या शेजारी बाकावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हा आकडा ऐकून कानाला हात लावला, आणि मग हळूच विचारले, "एका वर्षाचे म्हणता?"

हा लिलाव चालतो कसा, हे आम्ही मुलांकडूनच समजून घेतले. त्यांना तो तोंडपाठ आहे. खेळाडूंचे अ, ब, क, ड असे चार वर्ग करतात. २०२४ सालच्या लिलावात अ वर्गाची मूळ किंमत ३० लाख, ब वर्गाची २०, क वर्गाची १३ आणि ड वर्गाची ९ लाख होती. संघ १२, आणि प्रत्येक संघाला खर्च करण्यास एकूण ५ कोटींची मर्यादा. म्हणजे एकावर दोन कोटी उधळले, तर बाकीच्यांसाठी थैली हलकी होते. यादीत पाचशेहून अधिक नावे होती. त्यांपैकी मुंबईच्या त्या दोन दिवसांत संघ मिळाला तो शंभर-सव्वाशे जणांनाच. उरलेल्यांचे नाव पुकारले गेले असेल वा नसेल. त्यांच्या घरी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या आईबापांना तो दिवस कसा गेला असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

अगदी नवख्या मुलांसाठी आणखी एक दार आहे. 'नवे युवा खेळाडू' अशा नावाचा तो गट असतो. यात संघ आपल्या पारखीने कोवळी मुले निवडून घेतात, शिकवितात आणि थोड्या मानधनावर करारबद्ध करतात. नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार याच गटातून पुण्याच्या संघात आला. गरिबीत वाढलेला हा मुलगा पुढे त्या संघाचा कर्णधार झाला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने प्रथमच विजेतेपद मिळविले. मच्छे गावच्या मैदानावर त्याचे नाव घेतले की मुलांचे डोळे चमकतात.

परंतु या टापूत सर्वांत जवळचे नाव सिद्धार्थ देसाई याचे आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडी हे त्याचे गाव. चंदगडच्या लोकांचा बाजारहाट, दवाखाना आणि शाळा-कॉलेज हे पुष्कळसे बेळगावशीच जोडलेले. त्यामुळे राज्याची सीमा मधे असली तरी बेळगावकर त्याला आपलाच समजतात. शेतकऱ्याच्या घरचा हा धिप्पाड मुलगा. २०१८ साली मुंबईच्या संघाने त्याला ३६ लाख ४० हजारांस घेतले, आणि पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण मिळविले. लोक त्याला बाहुबली म्हणू लागले. पुढल्या वर्षी, २०१९ साली, तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. ती त्या लिलावातील सर्वोच्च होती. त्याचा थोरला भाऊ सूरज हाही त्या वर्षी त्याच संघात होता. एका वाडीतील एका घरातले दोन भाऊ एकाच रंगाचा गणवेश घालून देशासमोर खेळले. चंदगड-बेळगाव भागात त्या वर्षी किती पोरांनी नवे बूट घेतले असतील, कोण जाणे.

आता पुढचे ऐका, कारण ते मिरवणुकीत कोणी सांगत नाही. २०२१ साली त्याची किंमत १ कोटी ३० लाख ठरली. त्या हंगामात खांद्याच्या दुखापतीने त्याला मोजकेच सामने खेळता आले. २०२३ साली हरियाणाच्या संघाने त्याला १ कोटीस घेतले. २०२४ साली दिल्लीच्या संघात तो गेला तेव्हा बोली ३० लाखांच्या आतच थांबली होती. खेळाडू तोच, धाडस तेच. परंतु चढाई करणाऱ्याचा खांदा आणि गुडघा हीच त्याची शेतजमीन असते, आणि तिला एका पावसाळ्यात भेग पडू शकते. आम्ही हे त्या गुणी खेळाडूला उणेपणा आणण्यासाठी लिहीत नाही. इतकी वर्षे त्या उंचीवर टिकणे हेच मुळी दुर्मीळ आहे. पण ज्याच्या वाट्याला कोटी आले त्याची जर अशी चढउतार, तर नऊ लाखांच्या वर्गातील पोराने एका हंगामाच्या भरवशावर बारावीची परीक्षा सोडावी काय, हा प्रश्न आईबापांनी विचारलाच पाहिजे.

या ठिकाणी आम्हांस फार दूरच्या एका देशाची आठवण होते. आपल्यापैकी ज्यांच्या घरचे कोणी जहाजावर नोकरी करून आले असतील, त्यांना फिलिपिनो सोबती ठाऊक असतील. आशियातील हा मोठा कातोलिक देश बास्केटबॉलसाठी वेडा आहे. अमेरिकी अंमलात हा खेळ तेथे गेला आणि असा रुजला की, ख्रिस्तमंदिरासमोरच्या चौकात, नारळाच्या खोडावर, गल्लीतल्या भिंतीवर, जागा मिळेल तेथे लोखंडी कडे ठोकलेले असते. पायांत सपाता घालूनही मुले खेळतात. ग्रामपालक संताचा सण आला की प्रार्थना, मिरवणूक, मेजवानी आणि त्याबरोबर बास्केटबॉलची स्पर्धा! लोक उंचीने आपल्यासारखेच बेताचे. तरी १९५४ साली जागतिक स्पर्धेत त्यांनी तिसरा क्रमांक मिळविला होता. मनिला येथे येशूसंघीयांचे आतेनेओ आणि दे ला साल बंधूंचे विद्यापीठ यांच्यातील सामना म्हणजे अर्ध्या शहराचा उपवास-पारणे असते.

त्यांची व्यावसायिक संघटना १९७५ साली स्थापन झाली. आशियात अशी ती पहिलीच. १९८५ पासून तेथे नव्या खेळाडूंची वार्षिक निवड होते. हिची तऱ्हा आपल्या लिलावाहून निराळी आहे. तेथे नव्या मुलावर बोली चढत नाही. मागच्या हंगामात जो संघ दुबळा ठरला, त्याला सामान्यतः आधी निवडण्याचा मान. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. पगारालाही मर्यादा घातलेली. त्यामुळे मुलगा कितीही गुणी असला तरी त्याला 'मी अमक्या संघात जाईन' असे म्हणता येत नाही. ज्याने नाव उच्चारले त्याच्याकडे जावयाचे. आपल्याकडे किंमत चढते आणि उतरते, ती सर्वांसमोर. तेथे किंमत झाकलेली, पण क्रमांक सर्वांसमोर. कोणता ताण बरा, हे आम्हांस ठरविता आले नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घेण्याजोगी वाटली. तेथील बहुतेक मुले कॉलेजच्या संघांतून खेळत, विद्यापीठाच्या वर्गात बसून मगच निवडीला उभी राहतात. हल्ली काही जण थेट जपानच्या संघांतही जाऊ लागले आहेत. थर्डी रावेना हा २०२० साली त्या वाटेने गेलेला पहिला.

आपल्याकडेही हे दार किलकिले होत आहे. २०२४ च्या कबड्डी लिलावाच्या यादीत विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेरी गाठलेल्या दोन संघांतील खेळाडूंना स्थान देण्यात आले होते. कॉलेज सोडणे म्हणजेच खेळाला वाहून घेणे, असा जो समज आमच्या मुलांत पसरला आहे, त्याला हे चांगले उत्तर आहे. मच्छे गावची मुले तर विद्यापीठाच्या कुंपणालाच लागून राहतात!

सीमाभागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, आणि तो वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या मोठ्या वादात आम्ही येथे शिरत नाही. परंतु खेळणाऱ्या पोराला तो असा भेटतो: हुंदळेवाडीचा मुलगा महाराष्ट्राच्या निवड चाचणीला जातो, मच्छे गावचा कर्नाटकाच्या. एकाच बोलीत शिव्या देणारी, एकाच जत्रेत कुस्त्या पाहिलेली दोन पोरे निरनिराळ्या राज्यांची होऊन बसतात. मच्छेकर मुलाला बंगळूरकडच्या तगड्या संघांशी झुंजून जिल्हा, मग राज्य, अशी पायरी चढावी लागते. तेथील पंचांचे इशारे आणि प्रशिक्षकांचे बोलणे कन्नड. आम्ही ज्या मुलांशी बोललो ती कन्नड सहज बोलत होती आणि त्याचे त्यांना काहीच वाटत नव्हते. लिलावात मात्र राज्य कोणी विचारीत नाही. तेथे मुंबईचा संघ हरियाणाचा मुलगा घेतो आणि हरियाणाचा संघ चंदगडचा.

दुसरी अडचण पायाखालची आहे. लीग खेळली जाते मॅटवर, बूट घालून. येथे माती. मातीवर पकड निराळी, वळणे निराळे, पडणे निराळे. मातीत वाढलेला मुलगा प्रथम मॅटवर गेला की त्याचा पाय अडकतो आणि गुडघा वळतो. मॅट महाग, ती अंथरावयाची तर छप्पर हवे, आणि छपरासाठी जागा हवी. जागेचे तर विचारूच नका. हलगा-मच्छे बगल रस्त्यासाठी पिकाऊ जमिनी जाऊ नयेत म्हणून या भागातील शेतकरी वर्षानुवर्षे मोर्चे आणि न्यायालये करीत आले. जेथे शेताचा तुकडा वाचविताना नाकी नऊ आले, तेथे मैदानासाठी एकर कोण सोडणार?

एका घरी आम्ही चहाला थांबलो. मुलगा एकोणीस वर्षांचा. सकाळी आयटीआय, संध्याकाळी मैदान. वडील फौंड्रीत. आई आमच्यापुढे बशी ठेवून म्हणाली, "पोराने खेळावं हो, आमचं काही नाही म्हणणं नाही. मागच्या वर्षी हात मोडला, तेव्हा प्लास्टरचे पैसे आम्हीच भरले. त्या करारात हातापायाचं काही लिहितात काय, तेवढं विचारून सांगा." मुलगा लाजला आणि उठून बाहेर गेला.

आम्हांस तिचा प्रश्न कोट्यवधींच्या आकड्यांपेक्षा वजनदार वाटला. करार पुढे आला तर सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून तो वाचून घ्यावा. दुखापतीचा खर्च कोण करणार, हंगामाच्या मध्यात खेळणे थांबले तर मानधन मिळणार की नाही, कराराची मुदत किती, हे तोंडी नव्हे, कागदावर पाहावे. मध्यस्थ म्हणून येणाऱ्याला आधी पैसे देऊ नयेत. रेल्वे, पोलीस आणि लष्कर यांच्या खेळाडू-भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. आयटीआयचा दाखला तर पुरा करावाच. उद्यमबागेत फिटर आणि टर्नर यांना काम आहे.

बाहेर पडलो तेव्हा मैदानावर दिवा लागला होता. तो मुलगा चढाईवर होता, आणि समोरच्या चौघांनी साखळी धरली होती.